विचारलं तेवढंच

पंचनामा वाचताना तलाठी भाऊसाहेबांनी एकदाही मान वर केली नाही.

"सदर महिला अंगणवाडीच्या पायरीवरून पाय घसरून पडल्याने त्यांच्या उजव्या खांद्यास दुखापत झाली. अन्य कोणतेही कारण आढळून आले नाही." एवढं वाचून त्यांनी कागद पुढं सरकवला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.

भागूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टर आणि हात गळ्यातल्या झोळीत. त्या अंगणवाडीच्या मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरं घरोघरून गोळा करून आणायची, परत पोचवायची, हे त्यांचं काम. चार दिवसांपूर्वी सकाळी अकराच्या सुमारास वरच्या खाणीत सुरुंग उडाला, तेव्हा त्या खिचडीचं पातेलं घेऊन दारातून आत येत होत्या. नारळाएवढा एक दगड पत्र्याची कड वाकवून थेट त्यांच्या खांद्यावर उतरला.

"भाऊसाहेब," माझी वहिनी म्हणाली, "पायरी कुठाय?"

तलाठ्यांनी आता दाराकडं पाहिलं. आमच्या अंगणवाडीला पायरीच नव्हती. दार जमिनीच्या पातळीला होतं. पावसाळ्यात पाणी आत शिरू नये म्हणून वहिनी उंबऱ्याशी मातीची पोती लावायची.

"लिहायची एक पद्धत असते," ते म्हणाले. "तुमचं काय म्हणणं असेल ते वर साहेबांपुढं मांडा."

"दगड ठेवलाय आम्ही. बघायचाय का?"

"डोंगराखालचं गाव आहे, बाई. दगड असणारच."

भागूबाईंनी सही केली नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून नव्हे. तलाठ्यांनी शाईचा पॅड पुढं केला, तेव्हा त्यांनी डावा हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "मी पडले न्हाई." तलाठ्यांनी त्याखाली लिहिलं, 'सही करण्यास नकार.' आणि ते मोटारसायकलवरून निघून गेले. तो कागद आजही कुठल्यातरी फायलीत असेल.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. तालुक्याच्या तंत्रनिकेतनात, इलेक्ट्रॉनिक्स विभागात प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून करारावर कामाला होते. राहायला गावातच, दादाकडं. रत्ना वहिनी म्हणजे दादाची बायको, आणि गावच्या अंगणवाडीची सेविका. तिच्याकडं सव्वीस पोरं येत. त्यात तिची स्वतःची धाकटीही होती.

खाण गावाच्या वरच्या अंगाला होती. झुंबरशेठ नावाच्या माणसाचा खडी क्रशर. परवान्यात अट अशी, की सुरुंग दुपारी दोननंतरच उडवायचे आणि आधी भोंगा वाजवायचा. अंगणवाडी एकला सुटते, त्यामुळे कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात सुरुंग त्यांच्या सोयीनं उडत. दहाला, अकराला, कधी बारा वाजता. भोंगा आम्ही कधी ऐकलाच नाही. तक्रार केली की चौकशीला कुणीतरी यायचं, त्या दिवशी सुरुंग उडायचा नाही, येणारा माणूस क्रशरच्या ऑफिसात चहा पिऊन जायचा. मग उत्तर यायचं, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही. अर्जदारांनी पुरावा सादर करावा.'

"पुरावा म्हणजे नक्की काय?" वहिनीनं त्या संध्याकाळी मला विचारलं. "भागूबाईंचा खांदा पुरावा नाही?"

"खांदा पायरीवरून पडूनही मोडतो, असं म्हणतील. दगड उडून पत्र्यावर येतोय, आणि पोरं आत आहेत, असा फोटो पाहिजे."

"मग मी काढते. तुझा कॅमेरा दे."

"कुठून काढशील? समाजमंदिराच्या गच्चीवरून सगळं दिसतं. अंगणवाडी, मागं खाण. पण दगड तिथंच तर पडतात. आणि तू गच्चीवर गेलीस तर आत पोरांजवळ कोण?"

वहिनी मग म्हणाली, "कॅमेरा गच्चीवर आणि मी आत, असं नाही होत?"

तिनं ते सहज विचारलं होतं. माझ्या डोक्यात मात्र ते घुसून बसलं.

माझ्याकडं पहिल्या पगारातून घेतलेला एक लहान डिजिटल कॅमेरा होता. लांबून चालवायची सोय त्याला नव्हती. यूएसबीची वायर लावायची जागा होती, पण ती फोटो संगणकावर उतरवण्यापुरती. मात्र मी इंटरनेटवर वाचलं होतं की काही हौशी लोकांनी अशा कॅमेऱ्यांसाठी एक जादा प्रोग्रॅम लिहिला आहे. तो मेमरी कार्डावर टाकायचा. कॅमेरा सुरू झाला की तो प्रोग्रॅम कॅमेऱ्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे फर्मवेअरच्या, जोडीला येऊन बसतो. मग यूएसबीच्या वायरीतून थोडी वीज आली, की कॅमेऱ्याला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. कार्डावरनं प्रोग्रॅम पुसला की कॅमेरा पुन्हा दुकानातून आणला तसा. अडचण एकच होती. माझ्या मॉडेलसाठी यूएसबीचा तो भाग कुणी लिहिलेला नव्हता. तो मलाच लिहावा लागणार होता.

तीन आठवडे मी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या संगणकावर तेच करत होते. वायर जोडली आहे की नाही, हे कॅमेरा आपल्या मेमरीत एका ठिकाणी नोंदवतो. ते ठिकाण कुठलं, हा आकडा सापडायला हवा होता. मी आकडा घालायचे, कार्ड टाकायचे, बटण दाबायचे, आणि कॅमेरा तसाच अडकून पडायचा. लेन्स बाहेर, पडदा काळा. बॅटरी काढून घातली तरच सुटायचा. असं चाळीस-पन्नास वेळा तरी झालं असेल.

शेवटी मी टिळेकर सरांना सांगितलं.

टिळेकर सर आमचे विभागप्रमुख. मी त्यांची विद्यार्थिनी. ही नोकरीसुद्धा त्यांनीच शब्द टाकल्यामुळं मिळालेली. फळ्यावर सर्किट काढताना ते खडू मोडेपर्यंत रंगून जायचे. आम्हा खेड्यातल्या मुलींना त्यांनी कधी मागच्या बाकावर बसू दिलं नाही. मी सगळं सांगितलं, भागूबाईंचा खांदा, पंचनामा, कॅमेरा. त्यांनी ऐकून घेतलं आणि प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं.

"हे इथं नको करूस," ते म्हणाले. "झुंबरशेठ आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर."

"रविवारी मी तुझ्या घरी येतो."

आणि ते खरंच आले. चौदा किलोमीटर स्कूटरवरून, उन्हातून. आमच्या ओसरीवर मांडी घालून बसले, माझा लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि तीन तास उठले नाहीत. वहिनीनं चहा आणला, तर म्हणाले, "साखर चालत नाही मला." तिनं बिनसाखरेचा करून आणला. चारच्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला, मेनूत शोधत शोधत एका जागी थांबले आणि हसायला लागले.

"हेमलता, तुझ्या कॅमेऱ्याची आवृत्ती 'बी' आहे. तू आकडे 'ए' आवृत्तीच्या यादीतले घेतेयस. चार घरं पुढं आहे सगळं."

आकडा बदलला. यूएसबीच्या वायरीचं टोक कापून त्यातल्या लाल आणि काळ्या तारेला मी तीन पेन्सिल सेल आणि दारावरच्या घंटीचं बटण जोडलेलं होतं. सरांनी ते बटण वहिनीच्या हातात दिलं.

"दाबा, ताई."

वहिनीनं दाबलं. कॅमेऱ्यानं टिकटिक करत फोटो काढला, मग दुसरा, मग तिसरा. ती बटण सोडेपर्यंत तो काढतच राहिला. सर लहान मुलासारखे खूश झाले. जाताना मात्र मला फाटकाशी थांबवून म्हणाले, "माझं नाव कुठं येता कामा नये. मुलगी बारावीत आहे, घराचं कर्ज आहे. शब्द दे."

मी दिला. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट एवढं असूनही ते आले, याचंच अप्रूप वाटलं.

कॅमेरा आम्ही मीटरच्या जुन्या लोखंडी डब्यात बसवला. पुढच्या अंगाला भोक पाडून काच लावली. डबा समाजमंदिराच्या कठड्याला बांधला आणि घंटीची वायर गच्चीवरून खाली, अंगणवाडीच्या खिडकीतून आत नेली. मी दिवसभर तालुक्याला, त्यामुळं सगळं वहिनीवर होतं. खाणीतलं ड्रिल मशीन बंद पडलं आणि ट्रॅक्टर मागं सरले, की पंधरा-वीस मिनिटांत सुरुंग उडतो, हे तिला सवयीनं ठाऊक झालं होतं. मशीन थांबलं की तिनं पोरांना मागच्या खोलीत न्यायचं, पळत गच्चीवर जाऊन कॅमेरा सुरू करायचा, पळत परत यायचं आणि बटण धरून बसायचं.

पहिल्या वेळी तिनं घाईनं आधीच बटण दाबलं, आणि सुरुंग उडायच्या आत कार्ड भरलं. दुसऱ्या वेळी सेल उतरले. तिसऱ्या वेळी, एका बुधवारी, नर्सबाई पोरांना डोस पाजायला आलेल्या असताना, जमलं.

संध्याकाळी मी कार्ड संगणकात घातलं. एकूण अकरा फोटो. चौथ्यात मागं खाणीतून धूर उठलाय. सहाव्यात अंगणवाडीच्या पत्र्यावर, हातभर उंचीवर, एक काळा ठिपका. सातव्यात ठिपका नाही, पत्रा खचलाय आणि धूळ उडालीय. आणि सगळ्या फोटोंत दारासमोर पोरांच्या चपलांची रांग, शेजारी नर्सबाईंची स्कूटी. कोपऱ्यात वेळ, अकरा वाजून नऊ मिनिटं.

वहिनीनं फोटो बराच वेळ पाहिले. मग एका चपलेवर बोट ठेवून म्हणाली, "ही आपल्या छकुलीची."

आम्ही अर्ज केला, फोटो जोडले, कॅमेरा कसा चालवला तेही लिहिलं, आणि दीड महिन्यानं प्रांत कार्यालयात सुनावणी लागली.

तिथं आत शिरताच मला टिळेकर सर दिसले. खिडकीशेजारी, झुंबरशेठच्या वकिलांच्या मागच्या खुर्चीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाटलं, संस्थेनं कसल्यातरी कामाला पाठवलं असेल. असं वाटणारी मीच.

प्रांत मॅडम मधल्या वयाच्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले. त्यांचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला. झुंबरशेठचे वकील नाईकनवरे म्हणून होते. ते उठले आणि त्यांनी एक पत्र मॅडमपुढं ठेवलं.

"तज्ज्ञांचं मत आहे, मॅडम. तंत्रनिकेतनाच्या लेटरहेडवर. वाचून दाखवतो. 'सदर कॅमेऱ्याच्या मूळ प्रोग्रॅममध्ये बाहेरचा प्रोग्रॅम टाकून फेरफार करण्यात आला आहे. अशा कॅमेऱ्याची तारीख व वेळ वापरणाऱ्याला हवी तशी बदलता येते. उत्पादकाने अशा वापरास मान्यता दिलेली नाही.' खाली सही, प्राध्यापक टिळेकर, विभागप्रमुख."

मी सरांकडं पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर झेरॉक्सचं दुकान होतं, दुसरं काही नव्हतं.

वकील माझ्याकडं वळले. "कॅमेरा तुमचा?"

"हो."

"त्याच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही फेरफार केला?"

"तो फेरफार म्हणजे फक्त..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो. पण त्यानं फोटोत..."

"तारीख बदलता येते?"

"कुठल्याही कॅमेऱ्यात येते."

"या कॅमेऱ्यात येते का? हो की नाही?"

"हो."

"फोटो काढताना तुम्ही तिथं होता?"

"नाही. मी कामावर होते."

"म्हणजे फेरफार केलेला कॅमेरा, बदलता येणारी तारीख, आणि अर्जदार जागेवर हजर नाहीत. धन्यवाद. बसा."

मी बसले. त्या माणसानं मला खोटं बोलायला लावलं नव्हतं. माझा प्रत्येक शब्द खरा होता, आणि त्या खऱ्या शब्दांनी मिळून आमचे अकरा फोटो रद्दी करून टाकले होते. सरांच्या पत्राचंही तेच. त्यातलं एकही वाक्य खोडून काढता येत नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं की हा आकडा मला कुणी शोधून दिला ते विचारा. पण मी शब्द दिला होता, आणि मी गप्प बसले.

मॅडमनी फोटो बाजूला ठेवले. "हे पुरावा म्हणून धरणं अवघड आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात वकिलांनी, बहुधा आणखी पक्कं करायला, वहिनीला उभं केलं.

"बटण तुम्ही दाबलं?"

"दाबलं. त्या वेळी पोरं..."

"दाबलं, एवढं पुरे. कॅमेऱ्यात काय घातलं होतं ते तुम्हाला समजतं?"

"मला समजत नाही, पण..."

"समजत नाही. ठीक."

"ठीक नाही," वहिनी म्हणाली.

"ताई, विचारलं तेवढंच सांगा."

वहिनीनं पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि वकिलांना सोडून मॅडमकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता. पोरांना जेवायला बसवताना असतो तसाच होता.

"मॅडम, यांनी विचारलं तेवढंच सांगितलं तर ते खोटं होतं. आमच्या भागूबाई पायरीवरून पडल्या असं लिहिलंय, आणि अंगणवाडीला पायरी नाही. ते कसं लिहिलं गेलं, ते आज मला कळलं. मला सगळं सांगू द्या. नाहीतर लिहून घ्या की सांगू दिलं नाही."

वकील काही बोलणार होते. मॅडमनी हात वर केला. "सांगा."

"एका हातात बटण होतं. दुसऱ्या हातानं मी एका पोराचं डोकं मांडीत दाबून धरलं होतं, कारण आवाजाला ते पळत सुटतं. नर्सबाई मागच्या खोलीत बाकीच्या पंचवीस पोरांना घेऊन भिंतीला चिकटून बसल्या होत्या. त्या दिवशी डोस होता, त्यांच्या रजिस्टरात तारीख आहे, किती वाजता कुणाला पाजला ते पण आहे. त्यांची स्कूटी फोटोत आहे. कॅमेऱ्यातली तारीख बदलता येत असेल. सरकारी दवाखान्याचं रजिस्टर हेमाताईंनी बदललं का, ते विचारा."

मॅडमनी फोटो परत पुढं ओढला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आणि कॅमेऱ्यात काय घातलं ते मला कळत नाही हे खरं," वहिनी म्हणाली. "पण ज्यांना कळतं..."

ती कुठं चाललीय ते मला समजलं. मी तिचा हात धरला. खुर्चीतूनच, टेबलाखालून, मनगटाशी. हे मी केलं, आणि ते मी लपवणार नाही. मी तिला गप्प करत होते.

वहिनीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि हात सोडवून घेतला.

"...ज्यांना कळतं ते इथंच बसलेत. ते तिथं, खिडकीपाशी. एका रविवारी आमच्या ओसरीवर तीन तास बसून यांनीच ते बसवलं. मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. पहिल्यांदा बटण माझ्या हातात यांनीच दिलं. मग तेव्हा ते बरोबर होतं आणि आज फेरफार कसा झाला, ते त्यांना विचारा."

नाईकनवरे वकिलांनी मागं वळून सरांकडं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना हे माहीत नव्हतं.

"प्राध्यापक टिळेकर," मॅडम म्हणाल्या, "हे खरं आहे?"

सर उठले. शर्टाच्या खिशातला पेन त्यांनी काढला, परत खिशात ठेवला.

"हो," ते म्हणाले.

"मग हे पत्र काय आहे?"

"मला विचारलं होतं तेवढंच मी लिहिलंय, मॅडम. प्रोग्रॅम बाहेरचा आहे का, तारीख बदलता येते का, मान्यता आहे का. तीन प्रश्न होते. तिन्हीची उत्तरं खरी आहेत."

"आता चौथा मी विचारते. या बदलामुळं जे समोर नाही ते फोटोत येऊ शकतं का?"

मी सरांकडं बघत होते. ते मात्र आता माझ्याकडं बघायला लागले होते, जणू उत्तर माझ्याकडंच होतं.

"नाही," ते म्हणाले. "फोटोला त्यानं काही होत नाही. बटण बोटाऐवजी वायरीनं दाबलं जातं. बदल तेवढाच आहे."

"हे तुम्ही लिहू शकला असता."

"कुणी विचारलं नव्हतं."

मॅडमनी ते पत्र उलटं करून ठेवलं आणि कारकुनाला सांगितलं, "लिहून घ्या. सगळं लिहून घ्या."

आठ दिवसांत नर्सबाईंचं रजिस्टर मागवलं गेलं. त्यानंतर मॅडम स्वतः, न कळवता, सकाळी साडेदहाला अंगणवाडीत येऊन बसल्या. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी त्या पोरांबरोबर खिचडी खात असताना सुरुंग उडाला. खाण त्याच दुपारी बंद झाली. पाच महिन्यांनी उघडली ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, आणि तेव्हापासून भोंगा वाजतो. आमच्या घरातूनही ऐकू येतो.

माझा करार जूनमध्ये संपला, तो पुढं वाढवला गेला नाही. कारण लिहिलं होतं, 'पद आवश्यक नाही.' मी तालुक्याला दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते चाललं. दवाखान्यातली यंत्रं, वजनकाटे, कॅमेरे, काय येईल ते. टिळेकर सर पुढं प्राचार्य झाले आणि सन्मानानं निवृत्त झाले. त्यांना कुणी काही विचारलं नाही. तलाठ्यांची बदली झाली, ती नेहमीची. पंचनामा मात्र दुरुस्त झाला नाही. आम्ही तीन अर्ज केले. खाणीचा निकाल लागला आहे, तेव्हा या बाबीवर वेगळा विचार करण्याची गरज नाही, असं उत्तर आलं. भागूबाईंचा हात डोक्याच्या वर जात नाही. कागदावर त्या अजून पायरीवरूनच पडलेल्या आहेत.

मागच्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नात सर भेटले. काठी आली होती हातात. मला पाहून ते गर्दीतून वाट काढत आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि दुकान कसं चाललंय वगैरे विचारून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "हेमलता, एक गोष्ट बोलायची राहून गेली होती."

मला वाटलं, आता माफी मागतील. इतक्या वर्षांत मी त्याची किती वाट पाहिली होती, हे मला त्या क्षणी कळलं.

"त्या दिवशी तुझ्या वहिनीनं सगळं बोलून टाकलं," ते म्हणाले. "त्यांना काय समजणार, माझी परिस्थिती काय होती ती. पण तू माझं नाव घेतलं नाहीस. त्यांना थांबवायला गेलीस, तेही मी पाहिलं. तू शब्दाला जागलीस. मी ते विसरलेलो नाही."

ते मनापासून बोलत होते. डोळ्यांत पाणी होतं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला वहिनी बायकांच्या पंगतीत बसली होती, आणि शेजारच्या कुणाचं तरी मूल तिच्या मांडीवर होतं.

"त्याचीच मला लाज वाटते, सर," मी म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. त्यांनी कान पुढं केला. मी पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्यानं, शेजारच्या दोन-तीन खुर्च्यांना ऐकू जाईल असं. मग उठले आणि वहिनीच्या पंगतीत जाऊन बसले.